न दिलेला खो

शिवकन्या उठली तेव्हा तिच्या मागे कुणीच नव्हतं.

धाराशिवच्या मैदानावर जिल्ह्याच्या मुलींचा सराव सामना रंगात आला होता. मधल्या पाटीवर आपल्या चौकोनात ती बसली होती, टाचा उचललेल्या, बोटं मातीला टेकलेली, नजर समोर पळणाऱ्या मुलीच्या पायांवर. खो-खोत बसलेल्या खेळाडूचे डोळे पुढे असतात आणि जीव पाठीत. मागून हात पडला, ‘खो’ आला की विचार करायचा नसतो, सुटायचं असतं. उजव्या खांद्याखाली तिला हात लागला. चांगला, पंजाभर. ती सुटली.

शिट्टी वाजली. पंचांचा हात वर गेला. शिवकन्येनं गर्रकन वळून पाहिलं. पाठलागावर असलेली अश्लेषा खांबाला वळसा घालून पलीकडे पोचली होती. मधे नुसती धूळ.

“सर, मला खो मिळाला,” शिवकन्या म्हणाली.

पंच अश्लेषाकडे बघायला लागले. अश्लेषा संघाची कप्तान. ती धापा टाकत आली आणि क्षणभर थांबून म्हणाली, “जाता जाता माझा हात लागला असेल, सर. चूक माझी आहे.”

सामना संपल्यावर नळावर पाय धुताना शिवकन्येनं विचारलं, “खरंच लागला होता का गं?”

“अगं हो. किती वेळा विचारशील?”

शिवकन्येला बरं वाटलं. अश्लेषावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर?

दीड वर्षापूर्वी स्पर्धेहून परतताना संघाच्या बसची बॅटरी पेटली होती. आग आली ती खालून, एकाएकी. अश्लेषाचा पाय वाकलेल्या सीटखाली अडकला होता आणि बाकीच्या मुली खिडक्या फोडत होत्या. शिवकन्या तिच्यावर ओणवी झाली. आपल्या पाठीमागे काय चाललंय ते न बघता तिनं तो पाय सोडवला. बाहेर पडल्या तेव्हा अश्लेषाला खरचटलं होतं, आणि शिवकन्येची मानेपासून कमरेपर्यंतची पाठ जळून गेली होती.

डॉक्टरांनी कातडी लावली. पाठ भरून आली, पण तिला काही कळेना. तिच्यावर माशी बसली काय नि दगड पडला काय, सारखंच. नवरा सुदर्शन पाठीवर हात ठेवायचा आणि शिवकन्येला ते आरशात बघून कळायचं. खो-खो तर संपलाच होता.

मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून बोलावणं आलं. तिथल्या डॉ. रुक्साना मुल्ला भौतिकशास्त्रातल्या. त्यांनी केसाहून कितीतरी पातळ असा एक पापुद्रा तयार केला होता. कमरेला बांधायच्या एका चपट्या डबीतून त्याला सतत लेझरचा प्रकाश पुरवायचा. हा प्रकाश त्या पापुद्र्यात कोंडला की तिथल्या पदार्थाशी इतका घट्ट मिसळतो, की त्यातून अर्धे प्रकाशाचे आणि अर्धे पदार्थाचे असे कण जन्मतात. त्यांना पोलॅरिटॉन म्हणतात. ते पुरेसे दाटले की एक नवल घडतं. प्रत्येक कणाची स्वतःची एक लहर असते, आणि त्या सगळ्या लहरी एकाच तालात डोलू लागतात. अब्जावधी कण जणू एकच कण होतात.

“आता तुमच्या पाठीवर कुणी बोट टेकवलं,” मुल्ला मॅडम म्हणाल्या होत्या, “की त्या जागेचा ताल किंचित ढळतो. बाकी सगळे तालात असल्यामुळे, कोण ढळलं ते पापुद्र्याच्या कडेवर बसूनसुद्धा ओळखता येतं. कडेचं यंत्र ते ओळखतं आणि तुमच्या खांद्यातल्या शाबूत मज्जातंतूंना सांगतं. जागोजाग तारा टोचायची गरज नाही.”

तोवर असे पापुद्रे लोकांच्या तळहातावर, टाचेवर लावून झाले होते आणि छान चालले होते. आख्खी पाठ ही पहिलीच.

डबी चालू केली त्या दिवशी खिडकीतून वारा आला आणि तो आपल्या एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याकडे जातोय हे शिवकन्येला कळलं. ती हमसून हमसून रडली. रडताना कुणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं. सुदर्शनच असणार, असं तिनं धरून चाललं.

सुदर्शनची भूमजवळ खव्याची भट्टी होती. लाकडाच्या भट्ट्या बंद होऊन आता विजेच्या कढया आल्या होत्या आणि खुरपणं आपोआप फिरायची. तरी शेवटचा हात माणसालाच मारावा लागे. शिवकन्येला आगीची भीती बसलेली, पण या कढयांना ज्वाळा नव्हती म्हणून ती तिथं जाऊन बसू शके.

धाराशिवच्या सामन्यानंतर एका सकाळी ती भट्टीच्या ओट्यावर पालक निवडत होती. पाठीच्या मधोमध एक हात आला. सावकाश, गोल गोल फिरला. लग्नाच्या सुरुवातीला सुदर्शन असाच हात फिरवायचा.

“काय हो?” ती मागे न बघताच हसली.

“काही नाही. असंच,” सुदर्शनचा आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. तो कढईपाशी उभा होता. दोन्ही हात कोपरापर्यंत खव्यानं माखलेले. तिनं पदर पुढं ओढून पाहिला. पदराला डाग नव्हता. उठून आत गेली, आरशात पाठमोरी झाली. ब्लाऊजवरही कणभर खवा नव्हता.

बाहेर येऊन ती म्हणाली, “तुम्ही हात नव्हता लावला.”

सुदर्शन कढईत बघत राहिला.

“मग ‘असंच’ का म्हणालात?”

“तू हसलीस,” तो म्हणाला. “नाही म्हटलं असतं तर तुझा चेहरा उतरला असता. मागं एकदा उतरला होता. मला बघवला नाही.”

“मागं एकदा? म्हणजे किती वेळा असं झालं?”

“काय की. लक्षात नाही ठेवलं.”

“आणि पुण्याला, पहिल्या दिवशी? मी रडत होते तेव्हा?”

सुदर्शननं खरंच आठवून बघितलं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “मी तुझा हात धरला होता,” तो म्हणाला. “पाठीवर… असेल गं. नाही सांगता येत.”

शिवकन्येला राग आला, पण तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना. मागच्या काही महिन्यांतले सगळे स्पर्श तिच्या डोळ्यांपुढून जायला लागले. यातला कुठला त्याचा, कुठला कुणाचाच नाही? लटका होता म्हणावं तर तो हात तिला लागला होता. आणि खरा होता म्हणावं तर तो नव्हताच. दिवसभर ती भिंतीला पाठ लावून बसली. निदान भिंत तरी तिथं आहे हे डोळ्यांना दिसत होतं.

सांगलीला राज्य संघाची निवड होती. जाऊ नये असं एकदा वाटलं, जावं असंही वाटलं. गेली. आता तिनं स्वतःशी ठरवलं होतं, की नुसत्या हातावर उठायचं नाही. आधी आवाज ऐकायचा, मग पाठीला विचारायचं, मग उठायचं.

पण प्रेक्षकांची गर्दी होती, ढोल होते, आणि चौकोनाचौकोनातून ‘खो, खो’ उठत होते. पहिल्या डावात पाठीवर दोन-तीनदा हात आले. ती दात आवळून बसून राहिली. ते नव्हतेच. तिसऱ्या मिनिटाला अश्लेषा एका मुलीचा पाठलाग करत सुसाट आली. शिवकन्येच्या पाठीवर हात पडला. ‘खो’ असंही काहीतरी ऐकू आलं. शिवकन्या विचार करत राहिली, हा खरा की नसलेला?

ती उठेल या भरवशावर अश्लेषानं आपलं सगळं अंग पुढं टाकलं होतं. ती शिवकन्येवर आदळली, तिच्यावरून पलीकडे कोलमडली आणि हात खाली घेऊन पडली. मनगट मोडल्याचा आवाज शिवकन्येनं ऐकला. तो मात्र स्पष्ट ऐकू आला.

दवाखान्याच्या बाकावर अश्लेषा प्लास्टर वाळायची वाट बघत बसली होती. शिवकन्या तिच्या शेजारी.

“मी खो दिला होता,” अश्लेषा म्हणाली. “ह्या वेळी दिला होता.”

“ह्या वेळी,” शिवकन्या म्हणाली.

अश्लेषा प्लास्टरकडे बघायला लागली.

“धाराशिवला? नळावर मी विचारलं तेव्हा?”

“नव्हता दिला.”

“आणि त्याआधी?”

“एखादा दिला असेल. बाकीचे नाही.” अश्लेषाला रडू फुटलं. “तू मला त्या बसमधून काढलंस, शिवा. तुला ‘नाही’ म्हणायला माझी जीभच उचलत नाही. पंचांसमोर तर नाहीच. मला वाटायचं, एवढंसं तर आहे, आपल्या नावावर घेऊ.”

“एवढंसं?” शिवकन्येचा आवाज चढला आणि तिथल्या नर्सनं मान वर केली. “माझ्या पाठीला कळत नाही, म्हणून मी तुला विचारत होते. तू खोटं सांगितलंस, की पाठीचं खरं ठरायचं. मग खराच हात आला तेव्हा मी कशावर उठू? सांग ना. कशावर?”

अश्लेषाची ओढणी घसरली होती. थोड्या वेळानं शिवकन्येनंच तिची ओढणी नीट केली, कारण एका हातानं तिला ती करता येत नव्हती. राग गेला नव्हता. तो तसाच बाजूला बसून होता.

पुण्यात मुल्ला मॅडमनी तिला एका स्टुलावर बसवलं. पाठीच्या दोन जागांहून बाहेर पडणारा मंद प्रकाश आरशांनी एकत्र आणून त्यांनी पडद्यावर पाडला. जवळजवळच्या दोन जागा घेतल्या तेव्हा पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटल्या, नांगरलेल्या रानासारख्या रेखीव.

“पट्ट्या दिसतायत म्हणजे या दोन जागा एकमेकींच्या तालात आहेत. आता जागेवरच धावा. थांबू नका.”

शिवकन्या उठली आणि घाम फुटेपर्यंत धावली. डबी कमरेवर हिंदकळत होती. मॅडमनी एक जागा डाव्या खांद्यावर धरली आणि दुसरी हळूहळू उजव्या कमरेकडे नेली. पट्ट्या फिकट होत गेल्या आणि मग पुसल्याच. नुसता करडा उजेड राहिला. एका ठिकाणी पट्टी मधेच तुटून तिला फाटा फुटला होता.

“तो फाटा म्हणजे भोवरा,” मॅडम म्हणाल्या. “डोक्यावरच्या केसांत असतो ना, तसा. त्याच्याभोवती ताल गोल फिरतो.”

“यंत्र बिघडलंय?” तिच्याबरोबर आलेल्या सुदर्शननं विचारलं.

“बिघडलं असतं तर बरं झालं असतं. दुरुस्त केलं असतं.” त्यांनी खुर्ची ओढून घेतली. “शाळेत लेझीम खेळलात ना? मैदानभर मुली आहेत, मधे ढोल नाही. प्रत्येकीनं फक्त शेजारणीकडे बघून ताल धरायचा. घोळका लहान असेल तर सगळ्या एकदम वाकतील, एकदम उठतील. घोळका मोठा झाला की एका टोकाला जरा चूक होते, ती शेजारणीकडे जाते. तरी मुली त्याच असतील तर दूरवर थोडा ताल टिकतो. हळूहळू कमी होतो, पण टिकतो. आता असं समजा, की प्रत्येक मुलगी दोन-चार ठोके खेळून घरी जाते आणि तिच्या जागी नवी येते.”

“मग कसला ताल?” शिवकन्या म्हणाली.

“तेच तर! आमचे कण क्षणभरसुद्धा जगत नाहीत. प्रकाश बनून निसटतात. डबी नवे भरते. जुने निसटणार, नवे येणार, आणि तरीही ताल टिकतो, हेच मोठं आहे. पण काही अंतरापुरताच. त्यापलीकडे बारीक चुका एकमेकींवर चढतात, एकमेकांना आवरून धरणाऱ्या भोवऱ्यांच्या जोड्या फुटून सुट्या होतात आणि ताल ढासळतो. असा सुटा भोवरा आणि टेकलेलं बोट, कडेच्या यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात.”

“हे आधी माहीत नव्हतं?”

“अंतराची मर्यादा आहे हे माहीत होतं. ती पाठीहून मोठी आहे असं आमचं गणित होतं. स्टुलावर शांत बसलात तर ती आहेही. पळताना, घाम आल्यावर, डबी हलल्यावर ती आखडते. ते आमच्या गणितात नव्हतं. यात माझी चूक आहे.”

“ते भोवरे गाळून टाकता येणार नाहीत?”

“येतील. पण त्यांच्याबरोबर हलके स्पर्शही गाळले जातील. जोरात थाप मारली तरच कळेल.”

मग त्यांनी दुसरा उपाय सांगितला. लेझरनं पापुद्रा कापायचा. पाठीचे लहान लहान तुकडे करायचे, तळहाताएवढे. प्रत्येक तुकडा आपल्या आत पक्का तालात राहील, भोवरे उठणार नाहीत. पण दोन तुकड्यांच्या मधे बोटभर रुंदीची पट्टी कायमची बधिर होईल. आणि एकदा कापलेलं पुन्हा जोडता येणार नाही.

“तुम्ही काय कराल, मॅडम?”

मुल्ला मॅडमनी चष्मा काढून ओढणीला पुसला. “मला विचारू नका. जगात आख्ख्या पाठीचा असा पापुद्रा एकच आहे. त्यावर अजून कितीतरी मोजायचंय मला. तो कापला जाऊ नये असं मला वाटतं, आणि ते तुमच्यासाठी वाटत नाही. माझ्या सल्ल्यावर जाऊ नका.”

शिवकन्येला हे ऐकून आणखीच गोंधळल्यासारखं झालं. जिनं खोटं सांगावं अशी बाई खरं सांगत होती, आणि जी दोन माणसं जिवाला जीव देणारी, ती इतके दिवस खोटं बोलत होती.

बाहेर हिरवळीवर दोघं बसली. वारा होता. तो तिच्या मानेवरून शिरला आणि कमरेपर्यंत, कुठंही न तुटता, उतरला. का उतरलाच नाही? समोरच्या गुलमोहराची पानं हलत होती म्हणून तिनं मानलं, की उतरला असावा.

“कापू नकोस,” सुदर्शन म्हणाला. “मी आता खोटं बोलणार नाही. विचारलंस की खरं सांगेन. घरात मी, मैदानात अश्लेषा. चाललं की.”

“आणि रस्त्यात? बाजारात? प्रत्येक वेळी वळून वळून बघू?”

“पण तूच म्हणायचीस ना, आंघोळीचं पाणी वरपासून खालपर्यंत कळतं म्हणून. ते जाईल.”

ते जाईल हे खरंच होतं. तिनं अश्लेषाला फोन लावला. अश्लेषा पटकन म्हणाली, “काप.” आणि लगेच म्हणाली, “म्हणजे मला काय माहीत, शिवा. मला भीती वाटते. मी सांगितलं म्हणून कापू नकोस.”

शिवकन्येनं फोन ठेवला. एकाच गोष्टीची तिला दोन टोकं दिसत होती आणि मधलं काही जुळत नव्हतं. ती उठली, आत गेली आणि मुल्ला मॅडमना म्हणाली, “कापा.” का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. पालथं झोपवून डोळ्यांवर पट्टी बांधली तेव्हा ‘थांबा’ असा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. त्याच वेळी तिच्या पाठीवर एक हात टेकला आणि तिनं श्वास रोखून विचारलं, “मॅडम, तुमचा हात आहे का?”

“नाही,” मुल्ला मॅडम टेबलाच्या पलीकडून म्हणाल्या. “माझा नाही. खोलीत दुसरं कुणी नाही.”

तेवढं ऐकून ती पडून राहिली. दुखलं काहीच नाही. वरून खाली आणि मग आडवी अशी एकेक रेघ गेली, आणि रेघेरेघेला तिची पाठ विझत गेली.

ती पुन्हा खेळायला लागली. सांगलीची निवड हुकली होती, ती हुकलीच. अश्लेषाचं मनगट जुळलं, पण पहिल्यासारखं वळेना. दोघी बोलायच्या, मात्र पूर्वीसारखं एकीनं दुसरीच्या मनातलं ओळखून नाही. आता एकमेकींना सरळ विचारावं लागे. अधूनमधून खो बधिर पट्टीवर पडायचा, शिवकन्या बसून राहायची आणि बाकीच्या मुली ओरडायच्या. पण तिच्या मागे कुणी नसताना ती पुन्हा कधी उठली नाही.

आंघोळीचं पाणी आता अडखळत उतरायचं. खांद्यावर कळायचं, मग नाही, मग एकदम खाली. पहिले काही दिवस ती तांब्या हातात धरून नुसतीच बसायची. चुकलं का आपलं, हा विचार येई. तोवर पाणी गार व्हायचं.

एका दुपारी ती ओसरीत ज्वारी निवडत असताना सुदर्शन भट्टीवरून आला. हात धुऊन, पुसून तो तिच्या मागे बसला. कापल्यापासून त्यानं तिच्या पाठीला हात लावला नव्हता. तिच्या समोर कपाटाची काच होती आणि त्या काचेत तिला दिसलं, की त्यानं हात उचलला, थोडा घुटमळला, आणि तिच्या पाठीवर ठेवला.

तिला काहीच कळलं नाही. हाताची नुसती कड टेकली होती, आणि ती नेमकी पट्टीवर, उभीच्या उभी.

“कळतंय का?” त्यानं विचारलं.

काचेत त्याचा चेहरा होता. अपेक्षेनं थोडा पुढं झुकलेला, उत्तराआधीच हसायला निघालेला. ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं! तो शब्द तिच्या जिभेवर तयारच होता, कुणी शिकवल्याशिवाय. त्याच्या तोंडून तो इतक्या वेळा कसा निघाला असेल, हे तिला तेव्हा कळलं.

“नाही,” शिवकन्या म्हणाली.

काचेतला चेहरा उतरला. तिनं तो उतरू दिला.

“जरा डावीकडे घ्या,” ती म्हणाली.

हात सरकला.

“अजून थोडा.”